सुम्मातले सद्गुण आणि कृपा: पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी क्रमवार वाट

थॉमस अक्वायनस या तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञाच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात, दुसऱ्या भागाच्या पहिल्या तुकड्यात, कृपेवरचे (म्हणजे देव माणसाला देतो त्या मदतीवरचे) प्रश्न १०९ ते ११४ आहेत. नवीन वाचक थेट तिथेच उडी मारतो, आणि दोन पानांत गोंधळतो. एका ओळीत लिहिलेलं असतं की कृपेशिवाय माणसाला चांगलं करता येत नाही. चार ओळींनी लिहिलेलं असतं की तो घरं बांधू शकतो, द्राक्षमळे लावू शकतो. मग नक्की काय? उत्तर आधीच्या साठ प्रश्नांत तयार करून ठेवलेलं आहे आणि ते वाचलेलं नसतं, एवढीच अडचण आहे.

खालची वाट त्यासाठी. सगळं वाचायची गरज नाही. सत्तरच्या आसपास पोटप्रश्न (प्रत्येक प्रश्नाचे छोटे उपविभाग) नीट वाचले, की देव आणि माणूस मिळून एक कृती कशी घडते याचं थॉमसचं म्हणणं हाती लागतं.

आधी हाताशी काय हवं

- मूळ लॅटिन पाठ. ‘कॉर्पुस थोमिस्तिकुम’ या संकेतस्थळावर संपूर्ण आणि फुकट आहे. लॅटिन येत नसलं तरी शेजारी उघडून ठेवा; भाषांतरात शब्द बदलला की मूळ शब्द तोच आहे का, हे नुसत्या नजरेनेही कळतं.
- इंग्रजी भाषांतर. डोमिनिकन पंथीयांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केलेलं भाषांतर जालावर मोफत मिळतं. भाषा जुनी आहे, पण शब्दाला शब्द धरून चालते. नवख्याला हेच बरं.
- मराठी बायबल. योहान ६, करिंथकरांस पहिलं पत्र ९, १२ आणि १३, फिलिप्पैकरांस २ आणि यशया ११ इथे खुणा घालून ठेवा. थॉमस अर्धं वचन देऊन पुढे जातो, उरलेलं तुम्हाला पाठ आहे असं धरून.
- वही. प्रत्येक पोटप्रश्नाला अर्धं पान, त्याहून जास्त नको.

पुण्यात किंवा गोव्यात राहत असाल तर सेमिनरीच्या (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेच्या) ग्रंथालयात बाहेरच्या वाचकाला बसू देतात का, हे आधी विचारून घ्या. छापील लॅटिन-इंग्रजी आवृत्ती समोर असली की काम निम्मं होतं.

१. आधी नकाशा काढा

सुम्माचे तीन भाग आणि ५१२ प्रश्न. दुसरा भाग पुन्हा दोन तुकड्यांत: पहिल्या तुकड्यात ११४ प्रश्न, दुसऱ्यात १८९. आपलं काम मुख्यतः दुसऱ्या भागाच्या पहिल्या तुकड्यात आहे. थॉमसने तो १२७१च्या सुमारास पॅरिसमध्ये लिहिला. डिसेंबर १२७३ मध्ये त्याने लिखाण थांबवलं, ७ मार्च १२७४ रोजी तो वारला आणि तिसरा भाग अपुरा राहिला.

या तुकड्याचा क्रम वहीच्या पहिल्या पानावर उतरवा: १ ते ५ परमसुख, ६ ते २१ माणसाची कृती, २२ ते ४८ भावना, ४९ ते ५४ हॅबितुस (अंगी बाणलेले गुण), ५५ ते ७० सद्गुण आणि पवित्र आत्म्याची दानं, ७१ ते ८९ पाप, ९० ते १०८ नियम, १०९ ते ११४ कृपा. हा क्रम वरवर वाटतो तसा विषयवार नाही. आधी मुक्काम (परमसुख), मग तिकडे नेणारी पावलं (कृती), मग पावलांना बळ देणाऱ्या आतल्या गोष्टी (सद्गुण) आणि बाहेरून लाभणारी मदत (नियम आणि कृपा), असं ते रचलेलं आहे. थॉमस म्हणतो, देव आपल्याला नियमाने शिकवतो आणि कृपेने साहाय्य करतो. हे वाक्य प्रश्न ९०च्या तोंडाशीच आहे.

२. पोटप्रश्न वाचायची रीत

प्रत्येक पोटप्रश्नाचे चार तुकडे असतात. सुरुवात ‘व्हिदेतुर क्वोद’ने होते, म्हणजे ‘असं वाटतं की’. हे आक्षेप. मग ‘सेद कॉन्त्रा’, विरुद्ध बाजूचं एखादं वचन. मग ‘रेस्पोन्देओ’, थॉमसचं स्वतःचं उत्तर. शेवटी एकेका आक्षेपाला जबाब.

नवख्याने आधी रेस्पोन्देओ वाचावं, नंतर आक्षेप आणि जबाब जोडीजोडीने. आक्षेपातलं वाक्य थॉमसच्या नावावर खपवणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक. जालावर फिरणारी त्याची कित्येक ‘अवतरणं’ आक्षेपातून उचललेली असतात. संदर्भ लिहिताना भाग, प्रश्न, पोटप्रश्न आणि जबाबाचा क्रमांक, चारही लिहा. जबाबांना हलकं समजू नका. या विषयातल्या दोन-तीन कळीच्या गोष्टी रेस्पोन्देओत नसून जबाबांतच आहेत.

३. हॅबितुस पक्का करा (प्रश्न ४९ आणि ५१)

इथे घाई केली तर पुढे सगळं बिघडतं. हॅबितुस म्हणजे दात घासण्यासारखी, डोकं न लावता घडणारी सवय नव्हे. तो अंगी बाणलेला, सहजी न हलणारा गुण असतो. त्याच्यामुळे माणूस एखादी कृती हवी तेव्हा, पटकन आणि आवडीने करू शकतो. सवय विचार कमी करते. हॅबितुस असला की विचार आणि इच्छा दोन्ही धारदार होतात.

५१व्या प्रश्नात दोन वाटा दिसतात. पोटप्रश्न २: पुनःपुन्हा कृती करून हॅबितुस तयार होतो. ही ॲरिस्टॉटलची वाट. पोटप्रश्न ४: काही हॅबितुस देव ओततो, कारण ते माणसाला त्याच्या निसर्गापलीकडच्या (म्हणजे मूळ मानवी घडणीला न झेपणाऱ्या) ध्येयासाठी तयार करतात आणि निसर्गाच्या बळावर ते येऊच शकत नाहीत. हे दोन पोटप्रश्न समोरासमोर लिहून ठेवा. पुढचा सारा वाद या दोन ओळींमधला आहे.

४. व्याख्या फोडा (प्रश्न ५५, पोटप्रश्न ४)

बाराव्या शतकातल्या पीटर लोम्बार्ड या धर्मशास्त्रज्ञाने जुन्या काळचा ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन याचे शब्द जुळवून सद्गुणाची एक व्याख्या रूढ केली होती: सद्गुण म्हणजे मनाचा असा चांगला गुण, ज्याने माणूस नीट जगतो, ज्याचा कुणी वाईट वापर करू शकत नाही, आणि जो देव आपल्यात, आपल्याविना, घडवतो.

थॉमस ही व्याख्या स्वीकारतो आणि लगेच तिला चिमटा काढतो. शेवटचं पद फक्त ओतलेल्या सद्गुणांना लागू होतं. ते काढून टाका, म्हणजे उरलेली व्याख्या कमावलेल्या आणि ओतलेल्या अशा सगळ्याच सद्गुणांना लागू पडेल. मग सहाव्या जबाबात एक बारीक दुरुस्ती येते: ओतलेला सद्गुण देव आपल्या कृतीशिवाय घडवतो, पण आपल्या संमतीशिवाय नाही. हा जबाब वहीत अधोरेखित करा. ‘थॉमसच्या मते माणूस नुसती कळसूत्री बाहुली’ असं जे ऐकायला मिळतं ते हा जबाब गाळल्यामुळे.

५. कमावलेले आणि ओतलेले (प्रश्न ६१ ते ६५, आणि ७१)

शहाणपण, न्याय, धैर्य आणि संयम हे चार मुख्य नैतिक सद्गुण. विश्वास, आशा आणि प्रीती हे तीन ईश्वराभिमुख. बहुतेक पुस्तकं इथेच थांबतात: चार कमावलेले, तीन ओतलेले, झालं. पण ही वाटणी थॉमसची नाही. त्याच्या मते नैतिक सद्गुणही ओतलेल्या स्वरूपात असतात आणि ते कमावलेल्यांहून जातीनेच वेगळे असतात.

प्रश्न ६३, पोटप्रश्न ४ मध्ये त्याने दिलेला दाखला ताटातला आहे. जेवणातला संयम घ्या. मानवी बुद्धीच्या मोजपट्टीने प्रमाण असं: अन्नाने तब्येत बिघडू नये आणि डोकं जड होऊन विचार खुंटू नये. दैवी नियमाच्या मोजपट्टीने प्रमाण निराळं: प्रेषित पौल म्हणतो तसं शरीराला शिस्त लावून ताब्यात ठेवायचं (१ करिंथ ९:२७), उपवास वगैरे करून. ताट तेच, भूक तीच, पण मोजपट्टी बदलली, ध्येय बदललं, म्हणून सद्गुणही वेगळा. पुढे सद्गुणाच्या ‘मध्यम मार्गा’चा विषय येतो (प्रश्न ६४) तेव्हा हा दाखला पुन्हा काढा. मध्य कुठे पडतो हे कोण मोजतं त्यावर ठरतं.

आता दुसरी अडचण. ओतलेला सद्गुण जर देवाकडून येतो, तर नुकताच पश्चात्ताप केलेला माणूस जुन्या खोडींशी झगडताना का दिसतो? प्रश्न ६५, पोटप्रश्न ३, जबाब २ पाहा. कमावलेला सद्गुण येतो तो सरावाने, आणि त्याच सरावात उलट्या खोडी झिजून गेलेल्या असतात. म्हणून तो असलेल्याला काम सोपं जातं. ओतलेला सद्गुण एका क्षणी येतो, पण आधीच्या कृतींनी मागे ठेवलेला गाळ तसाच असतो. म्हणून वर्षानुवर्षं दारू पिणारा माणूस कृपेत आला की त्याच्याजवळ संयम खरोखर असतो, तरी गुत्त्यासमोरून जाताना त्याची तारांबळ उडते. कृती करण्याचं बळ मिळालेलं आहे, सहजता अजून नाही.

उलट बाजू प्रश्न ७१, पोटप्रश्न ४ मध्ये आहे. कमावलेला सद्गुण एका वाईट कृतीने जात नाही, जसा तो एका चांगल्या कृतीने येत नाही. ओतलेले मात्र एका प्राणघातक (देवाशी नातं तोडणाऱ्या गंभीर) पापाने निघून जातात, कारण त्यांचं मूळ प्रीतीत असतं आणि प्रीती तिथे तुटते. विश्वास आणि आशा मागे राहतात खऱ्या, पण निर्जीव; सद्गुण म्हणून नाहीत. या दोन पोटप्रश्नांचा एक तक्ता करा: कसा येतो, कसा वाढतो, कसा जातो, सोपं वाटतं का. चार ओळींचं काम आहे.

जाता जाता: ओतलेल्या नैतिक सद्गुणांची ही कल्पना त्या काळातही सर्वमान्य नव्हती. डन्स स्कोटस या धर्मशास्त्रज्ञाला (मृत्यू १३०८) ते अनावश्यक वाटले. प्रीती आणि कमावलेले सद्गुण पुरेत, असं त्याचं मत. थॉमस म्हणजे अख्खं मध्ययुग नव्हे.

६. सर्वांत महत्त्वाचा थांबा (दुसऱ्या तुकड्याचा प्रश्न २३, पोटप्रश्न २)

प्रश्न १०९ उघडण्याआधी इथे जाऊन या. वाकडी वाट आहे, पण सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे.

लोम्बार्डचं म्हणणं होतं की माणसातली प्रीती हा त्याचा गुण नसून साक्षात पवित्र आत्माच आहे. प्रीतीची कृती तो कुठल्याही हॅबितुसच्या मध्यस्थीशिवाय घडवतो. ऐकायला हे जास्त भक्तीचं वाटतं. देवाला जास्त मान, माणसाला कमी. थॉमस म्हणतो, यात प्रीतीचंच नुकसान आहे. पवित्र आत्मा माणसाच्या मनाला नुसता बाहेरून ढकलत असेल, तर ती कृती माणसाने केलेली राहत नाही, ती स्वेच्छेची राहत नाही. प्रेम तर स्वेच्छेचंच असतं. शिवाय आत काही स्वरूप (कृतीला आकार देणारा गुण) नसेल तर माणूस ती कृती पटकन आणि आनंदाने करणार नाही. प्रत्यक्षात प्रीतीइतकी पटकन आणि आनंदाने होणारी दुसरी कृतीच नाही. म्हणून प्रीती माणसात निर्माण केलेला गुण असायलाच हवी.

हाच तर्क पुढे प्रश्न ११०, पोटप्रश्न २ मध्ये खुद्द कृपेला लावलेला आहे. देव निसर्गातल्या वस्तूंना नुसता हलवत नाही. त्यांना आतली स्वरूपं आणि शक्ती देतो, म्हणजे त्यांची हालचाल त्यांची स्वतःची होते. मग ज्यांना तो शाश्वत सुखाकडे नेतो त्यांना कमी कशाला देईल? तो त्यांच्यात गुण ओततो, म्हणजे ते अलगद आणि तत्परतेने चालू लागतील. देव जितका आतून काम करतो, तितकी कृती माणसाची जास्त होते. देवाचा वाटा वाढला की माणसाचा घटतो, हे गणित थॉमसकडे चालत नाही.

प्रश्न ११०चेच पोटप्रश्न ३ आणि ४ लगेच वाचा. कृपा आणि सद्गुण एकच नव्हेत. कृपा आत्म्याच्या मूळ सत्त्वात असते, सद्गुण त्याच्या शक्तींत: बुद्धीत, इच्छेत, भावनांत. सत्त्वातून जशा शक्ती निघतात तसे कृपेतून ओतलेले सद्गुण शक्तींमध्ये उतरतात.

७. प्रश्न १०९: तीन खुणांनी वाचा

दहा पोटप्रश्न, सगळ्यांचा साचा एकच: ‘माणसाला कृपेशिवाय अमुक जमतं का?’ उत्तरं मात्र सारखी बदलतात. प्रत्येक उत्तरापुढे तीन खुणा करा.

पहिली खूण, माणसाची अवस्था: पापाआधीचा अखंड निसर्ग, की पापाने बिघडलेला. दुसरी, मदतीचा प्रकार: आत ठेवलेला हॅबितुस, की देवाची त्या क्षणीची चालना. तिसरी, ध्येय: माणसाच्या निसर्गाला झेपणारं, की त्यापलीकडचं.

पोटप्रश्न २ वर ही रीत लावून पाहू. चालना प्रत्येक अवस्थेत लागतेच, कारण देव पहिला चालक. अखंड निसर्गाचा माणूस आपल्याला झेपणारं चांगलं काम जादा देणगीशिवाय करू शकत होता; पलीकडचं नाही. बिघडलेल्या निसर्गाचा माणूस झेपणारंसुद्धा पूर्णपणे करू शकत नाही. पण तो पार निकामी झालेला नाही: घरं बांधणं, द्राक्षमळे लावणं अशी सुटी चांगली कामं त्याला जमतात. थॉमसचा दाखला आजाऱ्याचा आहे. आजारी माणूस थोडीफार हालचाल स्वतः करतो, पण औषधाने बरा झाल्याशिवाय धडधाकट माणसासारखा वावरत नाही. सुरुवातीला जी विसंगती दिसली ती इथे सुटते. दोन्ही वाक्यं खरी आहेत, फक्त खुणा वेगळ्या.

पोटप्रश्न ६ जपून वाचा. कृपेसाठी स्वतःची तयारी माणूस स्वतः करू शकतो का? आक्षेपात जखऱ्याचं वचन आहे: माझ्याकडे वळा, म्हणजे मी तुमच्याकडे वळेन. विरुद्ध बाजूला योहान ६:४४, पित्याने ओढल्यावाचून कुणी येत नाही. थॉमस म्हणतो, तयारीसाठी आणखी एक हॅबितुस लागत नाही. लागला तर त्या हॅबितुसच्या तयारीसाठी आणखी एक, असं कधी संपणारच नाही. पण देवाची आतली चालना लागते. वळतो माणूसच, स्वतःच्या इच्छेने, मात्र ती इच्छा देवाने वळवलेली असते. ‘आपल्या परीने होईल तेवढं करणाऱ्याला देव कृपा नाकारत नाही’ हे मध्ययुगातलं लाडकं सूत्र इथेच, दुसऱ्या जबाबात, वठणीवर आणलेलं आहे: ‘आपल्या परीने’ म्हणजे देवाने चालना दिलेली असताना.

पोटप्रश्न ८ मध्ये आकडेमोडीसारखा फरक आहे. कृपा नसलेला माणूस एकेक प्राणघातक पाप टाळू शकतो, पण फार काळ सगळीच टाळू शकत नाही. ‘एकेक’ आणि ‘सगळी’ हे शब्द निसटले की उत्तर उलटं लागतं. पोटप्रश्न ९ आणि १० सांगतात की कृपा मिळाल्यावरही चालनेची गरज संपत नाही. एकदा भरून घेतलं की झालं, असा हा साठा नाही.

८. प्रश्न १११: एकटी आणि सोबत

पोटप्रश्न २ मध्ये कृपेचे दोन प्रकार येतात. जिथे मन नुसतं हलवलं जातं, हलवणारा एकटा देव, तिथे ‘कार्यकारी’ कृपा. जिथे मन हलवलंही जातं आणि स्वतः हलवतंही, तिथे ‘सहकारी’ कृपा. जो आधी वाईटाकडे झुकलेला होता त्याची इच्छा चांगल्याकडे वळू लागणं हे पहिल्यात. ठरवलेलं प्रत्यक्ष हातून घडणं हे दुसऱ्यात. इथे लोक दोन वेगवेगळ्या कृपा समजतात. कृपा एकच, परिणाम दोन. थॉमसने तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. सोबत फिलिप्पैकरांस २:१३ उघडा: इच्छा करणं आणि कृती करणं, दोन्ही तिथे शेजारी आहेत.

९. ११२ ते ११४: इथे वेग वाढवा

११२ मधला पोटप्रश्न ५ तेवढा सावकाश वाचा: आपण कृपेत आहोत हे खात्रीने कळतं का? खास प्रकटीकरणाशिवाय नाही. देवाविषयीची गोडी, जगाच्या गोष्टींविषयी अनास्था, प्राणघातक पाप केल्याची टोचणी नसणं, अशा खुणांवरून अंदाज बांधता येतो. ११३ मध्ये पापी माणूस नीतिमान कसा होतो याचे चार टप्पे आहेत: कृपा ओतली जाणं, इच्छेचं देवाकडे वळणं, पापाविरुद्ध वळणं, दोषाची क्षमा. हे कालक्रमाने एकामागून एक घडतात असं समजू नका. घडतं सगळं एका क्षणी, क्रम फक्त कारणांचा आहे.

११४ पात्रतेवर, म्हणजे माणसाच्या कृतीला देवाकडून फळ मिळण्याच्या हक्कावर आहे. मराठी वाचकाला इथे पुण्याचा हिशेब आठवतो. तो बाजूला ठेवा. पहिली कृपा कुणीच कमवू शकत नाही (पोटप्रश्न ५). जी पात्रता येते ती आधी मिळालेल्या कृपेमुळेच. १०९ न वाचता ११४ वाचणाऱ्याला थॉमस सौदेबाज वाटतो, आणि तो वाचणाऱ्याचा दोष.

१०. सोळाव्या शतकाचा चष्मा उतरवा

प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याने सप्टेंबर १५१७ मध्ये विद्यापीठीय धर्मशास्त्राविरुद्ध जी विधानं मांडली, त्यांचा मुख्य रोख गॅब्रिएल बीलसारख्या उत्तर-मध्ययुगीन लेखकांवर होता. ‘आपल्या परीने’चं सूत्र त्यांच्याकडे बरंच सैल झालं होतं. तो वाद थॉमसच्या पानांवर शोधत बसलात तर प्रत्येक वाक्य कुठल्या तरी बाजूचं वाटेल. ट्रेंटच्या (कॅथलिक चर्चच्या) परिषदेचा १५४७चा निर्णयही नंतरचा. आधी १२७१ची वही पुरी करा, मग या दोन्हींसाठी वेगळी वही घाला.

यानंतर काय

प्रश्न ६८ वर या. पवित्र आत्म्याची सात दानं सद्गुणांहून वेगळी का, याचं उत्तर पहिल्या पोटप्रश्नात आहे: सद्गुणांनी माणूस स्वतःच्या बुद्धीच्या चालनेला नीट साथ देतो, दानांनी देवाच्या चालनेला. नंतर तिसऱ्या भागातला प्रश्न ६९, पोटप्रश्न ६ वाचा. बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळाला सद्गुण मिळतात का, असा तो प्रश्न. थॉमसचं उत्तर: हॅबितुस मिळतात, पण शरीर तयार नसल्याने कृती होत नाही, झोपलेल्या माणसाची होत नाही तशी. तिसऱ्या पायरीत हॅबितुस नीट समजला असेल तर हे उत्तर वाचताना अडखळायला होणार नाही. अडखळलात तर ४९ आणि ५१ पुन्हा काढा.